५५५ वरचा एलईडी लुकलुकण्याऐवजी सलग पेटतो

प्रश्न : नवशिका_सांगली

नमस्कार. निवृत्तीनंतर शाळेपासून राहून गेलेला इलेक्ट्रॉनिक्सचा छंद मी पुन्हा हाती घेतला आहे. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी एवढे पहिल्या दिवशीच जमले. नंतर ब्रेडबोर्डवर (डाग न देता भाग खोचून जोडण्याच्या पाटीवर) ५५५ टायमरची, म्हणजे ठरावीक वेळाने उघडझाप घडवणाऱ्या आठ पायांच्या आयसीची (चिपची), जोडणी केली, ती अशी : धन टोकापासून सातव्या पायापर्यंत १० किलोओहम, सातव्यापासून सहाव्यापर्यंत ६८ किलोओहम, दुसरा व सहावा पाय एकमेकांना जोडलेले, तेथून ऋण टोकाला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि चौथा व आठवा पाय धन टोकाला. एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा, परंतु तो सलग पेटलेला राहतो. अंधारात निरखून पाहिले तर किंचित थरथरल्यासारखा वाटतो. चूक कोठे असावी?

उत्तर १ : जुना_रेडिओवाला

आयसी बिघडलेली असण्याची शक्यता आहे. ती फार महाग नसते, त्यामुळे दुसरी लावून पाहावी. शिवाय काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेची वीजपुरवठ्याची पट्टी मध्येच खंडित असते, हेही तपासावे. मी स्वतः त्या पट्टीपायी एक पूर्ण रविवार घालवला आहे.

उत्तर २ : ओहमकर

आयसी इतक्यात बदलू नये, असे माझे मत आहे. थरथर दिसते याचा अर्थ आत काहीतरी हालचाल चालू आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, काळी तार ऋण टोकाला आणि लाल तार दुसऱ्या पायाला लावून आकडा कळवावा. या जोडणीत कपॅसिटर पुरवठ्याच्या एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत, म्हणजे आपल्या बाबतीत ३ ते ६ व्होल्टच्या दरम्यान, भरत आणि रिकामा होत राहतो. गती सेकंदाला एक असेल तर मीटरवरचा आकडा वर-खाली होताना दिसतो.

नवशिका_सांगली

आकडा ४.६ च्या आसपास जवळजवळ स्थिर आहे.

ओहमकर

मग आयसी चालू आहे, असेच मी म्हणेन. ती अडकली असती तर आकडा बहुधा शून्याजवळ किंवा ९ जवळ मिळाला असता. ४.६ ही ३ आणि ६ यांच्या मधली सरासरी आहे, म्हणजे कपॅसिटर मीटरला पकडता येणार नाही इतक्या वेगाने भरतो आणि रिकामा होतो आहे. आपला ६८ किलोओहमचा रेझिस्टर काढून, बोर्डाबाहेर, ओहमच्या मापावर मोजावा. ६८ किलोओहमचे पट्टे निळा, करडा, नारिंगी असतात आणि ६८० ओहमचे निळा, करडा, तपकिरी. पिवळसर दिव्याखाली यांतला तिसरा पट्टा भल्याभल्यांना फसवतो. ६८० ओहम लागला असेल तर वारंवारता १.४४ भागिले [(१०,००० + २ × ६८०) × ०.००००१], म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा होते, आणि एलईडी प्रत्येक फेरीत जेमतेम ५ मिलिसेकंद विझतो. तीच आपल्याला दिसणारी थरथर असावी.

नवशिका_सांगली

मीटरने ६७६ ओहम दाखवले! मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मिश्र रेझिस्टरच्या पुडीतून मी तो संध्याकाळी निवडला होता. योग्य रेझिस्टर बसवताच उघडझाप सुरू झाली. मात्र घड्याळ लावून मोजले तर मिनिटाला ५३ वेळाच पेटतो, हिशेबाने ५९ येतात. आता काय चुकले?

जुना_रेडिओवाला

ओहमकर यांचे निदान मान्य. माझी आयसीबद्दलची घाई चुकली. ५३ मध्ये आपली चूक नाही. आपल्या १० मायक्रोफॅरडसारख्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे खरे मूल्य छापलेल्यापेक्षा बहुतेक वेळा २० टक्के कमी-अधिक असू शकते, आणि आपला सुमारे ११ मायक्रोफॅरडचा असावा. अचूकता हवी असल्यास ६८ किलोओहमच्या जागी ४७ किलोओहम आणि त्याच्याशी एकसर (एकापाठोपाठ) जोडलेला २२ किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून ओहम कमी-अधिक करता येणारा रेझिस्टर, लावावा, आणि घड्याळाकडे पाहत स्क्रू-ड्रायव्हरने तो फिरवावा. पाचव्या पायापासून ऋण टोकाला ०.०१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटरही लावून टाकावा.