टर्बो गाडी बंद करण्याआधी किती वेळ आयडलवर ठेवायची?

प्रश्न: १.० लिटर टर्बो पेट्रोल गाडी आहे. रोज अंधेरी ते बीकेसी, महिन्यातून एकदा पुणे. दर वेळी दोन मिनिटं आयडलवर (गाडी उभी, इंजिन सुरू) थांबायलाच हवं का?

उत्तर १: रोजच्या ट्रॅफिकमध्ये गरज नाही. सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत हळू येता, तेवढं पुरतं. खरी काळजी खोपोलीहून घाट चढून लगेच लोणावळ्याला थांबताना घ्या. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट (फिरणारा दांडा) मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिन बंद केलं की ऑइल पंपही थांबतो. बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल करपून काळी खरपुडी धरते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, मग एक मिनिट आयडल. बंद करताना रेस देण्याची जुनी सवय असेल तर ती आजच सोडा.

उत्तर २: घाटानंतर टोलच्या रांगेत ऑटो स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर तापलेलं इंजिन मध्येच बंद होतं. गाडी बंद केल्यावरही पंखा किंवा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) इलेक्ट्रिक पंप घूंऽऽ करत राहिला तर घाबरू नका, टर्बो थंड होतोय.

उत्तर ३: आयडलपेक्षा इंजिन ऑइल महत्त्वाचं! मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं सिंथेटिक घाला. मुंबईत किलोमीटर कमी पडतात, म्हणून किलोमीटरच्या मर्यादेआधी वर्षाची मुदत संपते, तेव्हा बदला. सायरनसारखी शिट्टी, निळसर धूर, तेल कमी होणं दिसलं तर टर्बोला तेल नेणारी बारीक नळी आधी तपासा. ती तुंबलेली असताना नवा टर्बो बसवला तर तोही जातो.