अनुभव धागा: थंडीच्या संध्याकाळी घरी बसून करायचं हातकाम

कोरडीकाडी
संध्याकाळी लवकर दिवे लावायला लागले की हिमेलीची आठवण होतेच. फिनलंडमध्ये पेंढ्याच्या काड्या दोऱ्यात ओवून छताला टांगायचे झुंबर करतात, ती हिमेली. शब्द स्वीडिश 'हिम्मेल'वरून आला, म्हणजे आकाश. काड्या राय या गव्हासारख्या धान्याच्या घेतात, कारण तिची दोन पेरांमधली नळी लांब आणि सरळ असते.

हिमेलीचा मूळ आकार अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंचा. एकाला १२ सारख्या काड्या लागतात. पेर कापून टाका, नळ्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग १० सेंमीचे तुकडे करा. लांबीत २ मिमीचा फरक पडला तरी आकार तिरका होतो, म्हणून प्रत्येक तुकडा पट्टीवर न मोजता पहिल्याच तुकड्यावर धरून कापा.

४ काड्या ओवून चौकोन बांधा. कोपऱ्यांना मनात अ, ब, क, ड म्हणा. अ-पासून २ काड्या ओवून ब-ला गाठ मारा, त्रिकोण झाला. दोरा ब-क काडीतून पुन्हा नेऊन क-वर काढा, तिथून २ काड्या ओवून ड-ला बांधा. दोन्ही त्रिकोणांची टोकं उभी करून वेगळ्या छोट्या दोऱ्यानं एकत्र बांधा. आता दोरा ड-अ काडीतून अ-वर आणा आणि खालच्या बाजूला हेच पुन्हा करा. चौकोन डुलतो, त्रिकोण डुलत नाही. शेवटची गाठ बसेपर्यंत सगळं लुळं दिसतं आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. सोडू नका.

तुम्ही थंडीत घरी काय करता? मापं, वेळ, काय बिघडतं, सगळं लिहा.

उलटसुलट
मस्त धागा. विणकामाबद्दल एकच कळकळीची विनंती, नमुन्याचा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मगच मोजा. १० सेंमीत २२ टाके हवेत आणि तुमचे २० बसतायत, तर "दोनच टाक्यांचा फरक" वाटतो. पण २२० टाक्यांचा स्वेटर १०० सेंमीऐवजी ११० सेंमी होतो. सुई अर्धा मिमी बारीक घ्या आणि पुन्हा तुकडा विणा. तुकडा किमान १५ सेंमी रुंद असावा, कडेचे टाके मोजायचे नाहीत.

सुईदोरा
@कोरडीकाडी दोरा कोणता? साधा शिवणाचा चालेल का

कोरडीकाडी
मेण लावलेला सुती किंवा लिननचा घ्या. शिवणाचा दोरा काडीच्या कडेवर घासून तुटतो. आणि थंडीत हवा कोरडी असते, भिजवलेल्या काड्या तासाभरात परत ठिसूळ होतात. एकदम सगळ्या भिजवू नका. १२-१२ घ्या, बाकीच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चिरलेली काडी लगेच बदला, पुढे ती बदलायची म्हणजे सगळं उसवावं लागतं.

मंदवात
मी मेणबत्त्या करते. घाईत लिहितेय, गॅसवर मेण आहे. (थेट नाही, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. थेट आचेवर मेण कधीही नाही. पेटलंच तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही.)

सोया मेण ३०० ग्रॅम, सुगंधी तेल १८ ग्रॅम, म्हणजे ६ टक्के. तेल मापानं नाही, वजनानं. मेण ८० अंशांच्या आसपास असताना तेल घालून दोन मिनिटं हळू ढवळा, फेस काढायचा नाही. ६० अंशांजवळ काचेच्या ग्लासात ओता. थंडीत सगळ्यांची एकच तक्रार असते, मेण काचेपासून सुटतं आणि ठिगळं दिसतात. कारण गार ग्लास. ग्लास आधी कोमट करा आणि ओतल्यावर खिडकीपासून लांब ठेवा.

मंदवात
राहिलंच. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्या. ग्लासच्या दर अडीच सेंमी व्यासाला साधारण एक तास, म्हणजे साडेसात सेंमीच्या ग्लासला तीन तास. आधी विझवली की मधे विहीर पडते आणि पुढच्या प्रत्येक वेळी तीच खोल होत जाते. वात दर वेळी ५-६ मिमी ठेवून कापा, काजळी धरत नाही.

निळंआकाश
+१ विहिरीबद्दल. पडलीच असेल तर वरून हेअर ड्रायर फिरवून सपाट करता येते.

धावदोरा
साशिको कुणीच नाही लिहिलं? जपानी धावदोरा आहे. ईशान्येकडच्या त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कापड वापरायची मनाई होती, म्हणून हेंपच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याच्या) विरळ कापडावर सुती दोऱ्यानं घट्ट भरायचे. त्या प्रकाराला कोगिन म्हणतात. विरळ कापडाची भोकं बुजतात, वारा आत येत नाही. नक्षी ही ऊब शोधता शोधता आलेली आहे, हे कळल्यावर त्या शिवणीकडे बघायची नजरच बदलते.

कामाचं सांगते. कापडाच्या दर्शनी बाजूचा टाका मागच्या बाजूच्या टाक्यापेक्षा मोठा, साधारण ३ ला २. सुई कापडातून ओढायची नाही. सुई स्थिर धरून कापड तिच्यावर चुण्या घालत भरायचं आणि मग दोरा ओढायचा. प्रत्येक ओळ झाली की अंगठा आणि तर्जनीत धरून कापड ओळीच्या दिशेनं ताणा, चुण्या सुटतात. कोपऱ्यावर वळताना मागे दोऱ्याची छोटी सैल कमान ठेवा. ती नाही ठेवली तर पहिल्या धुण्यात कोपरा गोळा होतो.

सुईदोरा
वाह. गाठ कुठे मारायची?

धावदोरा
मारायचीच नाही. ३-४ टाके उलट्या दिशेनं घालून परत त्यांच्यावरूनच पुढे यायचं. गाठ घासून सुटते, हे सुटत नाही.

काळोखातसुई
अवांतर: दिवा कोणता वापरता? रात्री गडद निळा आणि काळा दोरा सारखाच दिसतो.

उलटसुलट
पिवळट २७००के (के म्हणजे केल्विन, प्रकाशाच्या रंगाचं माप) दिव्याखाली दिसणारच सारखा. कामाच्या जागेपुरता ४००० ते ५०००के चा दिवा लावा, रंगदर्शक निर्देशांक (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वरचा. खोलीत बाकी पिवळा प्रकाश राहू दे, तो छानच वाटतो. उजव्या हातानं काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली टाक्यावरच पडते. आणि रंग दिवसाच निवडून धाग्यांच्या गुंड्यांना चिठ्ठ्या लावून ठेवा.

काळोखातसुई
चिठ्ठ्यांची कल्पना बेस्ट, धन्यवाद 🙏

कोरंपान
वही बांधायची असेल तर थंडी उत्तम, खळ लवकर वाळते. पण त्याच कोरड्या हवेनं पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. म्हणून चिकटवल्यावर दोन फळ्यांमध्ये वजनाखाली रात्रभर. उघडा वाळवायचा नाही.

पहिलीच वही असेल तर जपानी चार भोकांची बांधणी करा, खळ लागतच नाही. ए५ कागद, कणा (वहीची बांधायची बाजू) २१ सेंमी. कण्यापासून १ सेंमी आत एक रेघ. त्या रेघेवर दोन्ही टोकांपासून दीड सेंमीवर एकेक भोक आणि मधे ६-६ सेंमीवर दोन. दोरा कण्याच्या पाचपट, म्हणजे १०५ सेंमी. चिमट्यांनी पानं आवळून दाभणानं एकदमच टोचा. पाच-पाच पानं वेगळी टोचली की भोकं जुळत नाहीत. प्रत्येक भोकाशी दोरा कण्याभोवती एक वळसा घेतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूनं कमी जोर लागतो त्या घडीला तंतू समांतर असतात. ती दिशा कण्याला समांतर हवी, नाहीतर वही उघडली की पानं ताठ उभी राहतात.

निळंआकाश
ही बांधणी पूर्ण सपाट उघडत नाही ना पण

कोरंपान
नाही उघडत. कण्याकडची २ सेंमी जागा लिहायला सोडूनच द्यायची. रेखाटनाला ही बांधणी नको.

कंदप्रेमी
काचेच्या भांड्यात हायसिंथ (कंदापासून येणारं सुवासिक फूल) फुलवायचं असेल तर आतापासून. कंदाला आधी ४ ते ९ अंश थंडी आणि अंधार हवा, १० ते १४ आठवडे. पाणी कंदाच्या बुडाच्या दोन-तीन मिमी खालीच. टेकलं की बूड सडतं. मुळं पाणी शोधत आपोआप उतरतात. कोंब ५ सेंमीचा झाला की उजेडात आणा, पण लगेच उबदार खोलीत नाही, आठवडाभर गार जागीच.

थंडीचे आठवडे कमी पडले तर दांडा वाढतच नाही, फूल पानांच्या बेचक्यातच उमलतं. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर पिकलेल्या फळांपासून लांब ठेवा, त्यांच्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते. कंद हाताळताना हातमोजे, खाज सुटते.

मनीमाऊ
मांजर असलेल्या घरांनी हायसिंथ टाळा प्लीज, कंद मांजरांना विषारी आहे. लोकरीचा धागा गिळला तर आतडं आवळलं जातं, तोंडातून लोंबणारा धागा ओढायचा नाही, थेट डॉक्टरकडे. गुंडे झाकणाच्या डब्यात, झाकणाला भोक पाडून धागा बाहेर.

उलटसुलट
हे फार बरं केलंत लिहिलंत.

दोन रंगांचं विणणाऱ्यांसाठी अजून थोडं. नॉर्वेच्या सेल्बू गावचे हातमोजे बघा, आठ पाकळ्यांचं फूल. मारित एम्स्टाडनं १८५७ साली हे विणकाम तिथं सुरू केलं असं मानतात. न वापरलेल्या रंगाचा धागा मागून जातो, त्यामुळे हातमोजा दुपदरी होतो, मधे हवा अडकते, ऊब त्याचीच. तो मागचा धागा घट्ट ओढला गेला की हातमोजा आखडतो. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटानं पसरून घ्या. ५ टाक्यांपेक्षा लांब धागा मधे एकदा अडकवा, नाहीतर बोटं घालताना त्यात गुंततात.

निळंआकाश
सुई न धरणाऱ्यांसाठी जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचं कोडं. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. १००० तुकड्यांना साधारण ७० × ५० सेंमी जागा लागते, पण टेबल त्याच्या दुप्पट हवं, नाहीतर न लावलेले तुकडे एकावर एक पडतात. आकाशाचा भाग शेवटी आणि रंगावर नाही, आकारावर. दोन खुंट्यांचे, तीन खुंट्यांचे असे ढीग करा.

सुईदोरा
@कोरडीकाडी मोठ्या अष्टफलकात छोटा टांगायचा असेल तर माप?

कोरडीकाडी
१० सेंमी काडीचा अष्टफलक टोकापासून टोकापर्यंत १४ सेंमीच्या थोडा वर भरतो. आत ५ सेंमी काडीचा घ्या, तो ७ सेंमीच्या थोडा वर. वरच्या टोकापासून दोरा साडेतीन सेंमी सोडला की बरोबर मधे येतो. गाठ पक्की करण्याआधी टांगून बघा. श्वासानंही फिरायला हवा, फिरला नाही तर कुठेतरी काडीला टेकतोय.