पाचव्या क्रमांकावरचा ‘बिनीचा’ फलंदाज?

दुसरी स्लिप:
काल एकाने लिहिलं होतं, “पाचव्या क्रमांकावर येऊन शतक ठोकणारा हाच आपला खरा बिनीचा फलंदाज. बिनीचा म्हणजे अव्वल. पेशवाईत सगळ्यात शूर स्वारांना बिनीचे शिलेदार म्हणत.” हे खपवून घेण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बिनी म्हणजे फौजेत सर्वांत पुढे चालणारी तुकडी. फारसीत ‘बीनी’ म्हणजे नाक, चेहऱ्यात सर्वांत पुढे असलेलं. शब्दात शौर्य नाही, जागा आहे. ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी 1809 मध्ये शिंद्यांच्या छावणीत होता, त्याने कूच कसं व्हायचं ते लिहून ठेवलंय. बिनी पहाटे सगळ्यांच्या आधी निघायची. मुक्कामाच्या जागी पोचली की एक छोटं पांढरं निशाण रोवायची. तिथे महाराजांचे तंबू पडायचे. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणं शक्य तितकी सरळ रेषेत लागायची आणि मागून येणारा प्रत्येक जण आपलं निशाण हेरून उतरायचा. जागा चुकली की हजारो माणसं-जनावरं ताटकळणार.

सलामीची जोडी तेच करते. चेंडू नवा, टणक, शिवण उभी, एका बाजूची लकाकी शाबूत. पहिली दहा-पंधरा षटकं तो हवेत वळतो आणि शिवणीवर पडून आत-बाहेर जातो. ती षटकं खेळून काढायची, खेळपट्टीची उसळी जोखायची, चेंडू जुना करून मागच्यांच्या हाती द्यायचा. पाचवा येतो तेव्हा निशाण रोवलेलं असतं. त्याने दोनशे केल्या तरी तो बिनीचा नाही.

उजवी यष्टी:
माझंच वाक्य उचललंत, तर उत्तर देतो. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, फारसी नाकावरून नाही. पेशव्यांचे सरदार विसाजी कृष्ण चिंचाळकर हे बिनीवाले. 1769 ला उत्तरेच्या मोहिमेवर सरदार रामचंद्र गणेशांबरोबर निघाले, पुढे रामचंद्रपंत माघारी आल्यावर सबंध मोहिमेचे प्रमुख झाले. 1771 मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली ती याच मोहिमेत. मोहिमेचा प्रमुख पहाटे उठून तंबूची जागा शोधत बसत नाही. म्हणजे ‘बिनी’ हा मान पेशवाईतच कामापासून सुटला होता.

आणि क्रिकेटचंच बोलायचं तर कसोटीत 80 षटकांनंतर दुसरा नवा चेंडू घेता येतो. धावफलक 3 बाद 230, चेंडू कोरा करकरीत, आणि समोर पाचव्या क्रमांकाचा. तुमच्याच व्याख्येने त्या घटकेला बिनीवर कोण आहे?

दुसरी स्लिप:
विसाजीपंतांना बिनीवाले म्हणत ते हुद्द्यामुळे, आणि पुढे ते आडनावच झालं. कुलकर्णी आडनावाचा माणूस गावचा वसूल लिहीत नाही, म्हणून ‘कुलकर्णी’ या शब्दाचा अर्थ बदलला असं कोणी म्हणत नाही. दुसऱ्या नव्या चेंडूचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्या वेळेपुरता तो बिनीवर असतो, हे मान्य. पण तुम्ही ‘बिनी’ लिहिलंत ते शतकासाठी, नव्या चेंडूसाठी नव्हे.

पखालजी:
तुम्ही दोघं बिनीवर अडलात आणि त्या वाक्यातला ‘शिलेदार’ कोणीच पकडला नाही. हल्ली लिलावात घेतलेल्या प्रत्येक खेळाडूला संघाचा शिलेदार म्हणतात. साफ उलटं आहे! शिलेदार तो, ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. शिवकाळातली पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना शिवाजी महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने दिलीय: 25 बारगिरांवर एक हवालदार, असे पाच हवालदार मिळून एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. दर 25 घोड्यांमागे पाणी द्यायला एक पखालजी आणि नाल ठोकायला एक नालबंद, दोन्ही सरकारातून.

बारगिराचा घोडा पडला तर पागेतून दुसरा. शिलेदाराचा पडला तर त्याचं भांडवलच गेलं, म्हणून ऐन धुमश्चक्रीत त्याला घोडा जपायचा मोह व्हायचा. शिवाय स्वतःचं घोडं असलेला माणूस स्वतःच्या मर्जीनेही चालू शकतो. म्हणूनच शिवाजी महाराजांनी पागेचा जोर वाढवला आणि शिलेदार पागेच्या सरनोबताच्या, म्हणजे सेनापतीच्या, हाताखाली ठेवले. आता सांगा, ज्या खेळाडूचा सराव, फिजिओ, प्रवास, पोशाख सगळं संघमालक पुरवतो, तो शिलेदार की बारगीर?

उजवी यष्टी:
बॅट स्वतःची असते, पॅड-ग्लोव्हज स्वतःचे असतात. शिलेदारच झाला.

पखालजी:
बॅट म्हणजे घोडा नव्हे! बॅट तुटली तर बारावा खेळाडू दुसरी घेऊन मैदानात धावत येतो. घोड्याला रोज वैरण, दाणा, खरारा लागतो, नाल झिजले की बदलावे लागतात, लढाई असो वा नसो. तो चालू खर्च कोण सोसतो यावरच दोघांमधला भेद उभा होता. माहिती नसेल तर शब्दकोश उघडून बोला.

उजवी यष्टी:
मास्तरकी पुरे. प्रश्न फलंदाजाचा होता, तुम्ही पागेत शिरलात.

मोडीवाचक:
शब्दकोशाचा विषय काढलाच आहे म्हणून. ‘सिलाह’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ हत्यार. सिलाहदार म्हणजे हत्यार बाळगणारा. त्यात घोडा कुठेच नाही. बारगीर म्हणजे ‘बार’, ओझं, उचलणारा. त्यातही सरकारी पागा नाही. दोन्ही अर्थ मराठ्यांच्या लष्करात रुळून घट्ट झाले. पखालजींचा नेमका भेद हीदेखील वापराचीच कमाई आहे. मुळाकडे बोट दाखवून कोणालाच जिंकता येणार नाही.

पखालजी:
व्युत्पत्तीचं मान्य करावं लागतंय. पण रुळलेला अर्थ कामाचा होता, त्यातून खर्च कोणाचा ते कळायचं. आजच्या ‘शिलेदार’मधून काय कळतं? खेळाडू आवडता आहे, एवढंच.

दुसरी स्लिप:
माझं दुखणं तेच आहे. ‘अव्वल’, ‘भरवशाचा’, ‘कणा’ हे शब्द असताना बिनीलाही त्याच अर्थाला जुंपलं, तर ‘सर्वांत पुढे जाऊन जागा करणारा’ यासाठी मराठीत उरतं काय?

मोडीवाचक:
‘सलामीवीर’ उरतो. पण तोफांच्या सलामीमुळे तो लष्करी आहे असं समजू नका. आखाड्यात सलामी झडते आणि कुस्ती सुरू होते. मला तो तिथून आलेला वाटतो. त्यात सुरुवात आहे, पुढे जाणं नाही. त्यामुळे बिनीची गरज आहे, हे तुमचं खरं.

उजवी यष्टी:
ठीक. पाचव्याला बिनीचा म्हणणार नाही. ‘आघाडीचा’ मात्र म्हणणार, तो दोन्ही अर्थांनी चालतो आणि त्यावर कोणी निशाण रोवलेलं नाही.

दुसरी स्लिप:
चालेल. मग तळाच्या चौघांना ‘शेपूट’ म्हणणंही सोडा. फौजेच्या पिछाडीच्या तुकडीला आपल्याकडे चंदावल म्हणत. माघार घेताना पाठीवर येणारा शत्रू तीच तुकडी अंगावर घेते आणि बाकीच्यांना निसटायला वेळ मिळतो. शेवटच्या दिवशी नववा-दहावा 20 षटकं उभा राहून सामना अनिर्णित ठेवतो, तेव्हा तो नेमकं हेच करत असतो.

पखालजी:
चंदावल घेतला. शिलेदार अजून सोडलेला नाही.