मदत हवी आहे: ऑक्सिजन सिलेंडर हिशोबाच्या आधीच संपतोय

आईला सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन) बंद, म्हणून घरी बी टाइप सिलेंडर ठेवलाय. पाण्याच्या मापाने 10 लिटरचा, गेजवर दाब 60 किलो (दर चौरस सेंमीला) होता म्हणजे 10 × 60, साधारण 600 लिटर ऑक्सिजन, फ्लो मिनिटाला 2 लिटरवर, मग 5 तास जायला हवा ना, पण सव्वाचार तासातच काटा शून्यावर. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत, वॉशरही बदलला. मग दुसऱ्या सिलेंडरवर तोच रेग्युलेटर लावून पाण्याने भरलेली 2 लिटरची बाटली बादलीत उलटी धरली आणि नळी आत सोडली, 50 सेकंदात रिकामी! म्हणजे मिनिटाला 2.4 लिटर. तिला जास्त ऑक्सिजनही चालत नाही म्हणून काळजी वाटतेय. ही मोजणी धरून चालू का, आणि पुण्यात कोथरूडच्या आसपास फ्लोमीटर (रेग्युलेटरवरचं फ्लो दाखवणारं मीटर) तपासून कोण देतं?