जुन्या लॅपटॉपची बॅटरी बदलू का नको? मदत हवी आहे
चार्जर काढला की लॅपटॉप जेमतेम पाऊण तास चालतो आणि मग ३० टक्के दाखवत असतानाच धाडकन बंद. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला तर फुल चार्ज कपॅसिटी मूळच्या निम्मीपण उरली नाहीये. बाकी मशीन ठणठणीत आहे, एसएसडी टाकल्यापासून तर पळतंय नुसतं, पण विंडोज ११ चालत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणजे लिनक्स टाकावं लागणार (त्याची तयारी आहे), मग खर्च करावा का? ओरिजिनल बॅटरीचा जुनाच स्टॉक मिळतोय, तो घ्यावासा वाटत नाही, लिथियम आयन नुसती पडून राहिली तरी खराब होतेच ना. कम्पॅटिबल बॅटरी कोणी वापरलीये का? आणि हो, टचपॅड जरा वर आल्यासारखा वाटतोय, बॅटरी फुगली असेल तर आत्ताच काढून ठेवू का?