मदत हवी आहे: बटाट्याचा पाला जोरात, खाली मात्र गोट्या
नमस्कार मंडळी, पेडण्याला भातकापणीनंतर नोव्हेंबरअखेर चार वाफे बटाटा लावलाय, पाला गुडघ्याला लागतोय पण काल एक झाड उपटलं तर खाली सुपारीएवढे पाचच बटाटे, त्यातला एक तडकलेला. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहिलं की बटाटा नीट धरत नाही आणि आमच्याकडे यंदा गारवाच नाही हो. त्यात आठ दिवस पंप बंद, माती भेगाळली, मग एकदम भरपूर पाणी सोडलं, तडकला तो त्यामुळेच वाटतं. आता पेंढा अंथरून संध्याकाळी थोडं थोडं पाणी दिलं तर उरलेले पोसतील का? कुफरी सूर्या जात उष्णता सोसते, ती गोव्यात कुणी लावलीय का? प्लीज सांगा, आईने फार जीव लावलाय या वाफ्यांना.