जाड ते सगळं थोर? (बीअर, कादंबऱ्या आणि तारे)

पानचट_नाही:
'काळाकुट्ट' यांची 'सध्या काय वाचलं, काय प्यायलं' ही यादी वाचली. ९०० पानांची फँटसी, पाच तारे. पिंपात मुरवलेली, १२ टक्के अल्कोहोलची इम्पीरियल स्टाउट (काळी, कडक बीअर), पाच तारे. पिल्सनरला (फिकट सोनेरी बीअर) दोन, शेरा: 'पाणी'. १८० पानांच्या रहस्यकादंबरीला दोन, शेरा: 'सुरू होईपर्यंत संपली, आणि खुनी तिसऱ्या प्रकरणातच कळला'. खाली सगळ्यांनी माना डोलावलेल्या. तिथेच उत्तर देणार होते, पण ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

काळाकुट्ट, तुमच्या यादीत निकष एकच आहे: कोण किती अंगावर आलं. जे अंगावर येत नाही, ते तुमच्या लेखी नाहीच.

पिल्सनरमध्ये पाणी मोलाचंच असतं. ती जिथे जन्मली त्या, आजच्या चेक देशातल्या पिल्झेनचं पाणी अतिशय मृदू. १८४२ मध्ये योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रूअरने तिथे फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), साझ हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि थंडीत संथपणे काम करणारं लागर यीस्ट एकत्र आणलं. आज जगात जी सोनेरी बीअर सगळ्यात जास्त खपते, ती त्याच कुळातली. या बीअरला लपायला जागा नसते. आंबताना तयार होणारं डायअॅसिटिल जरा राहिलं की पहिल्याच घोटाला लोण्याचा वास. डीएमएस हे गंधकाचं संयुग राहिलं की उकडलेल्या मक्याचा. घाईने बाटलीत भरली तर हिरव्या सफरचंदाचा. स्टाउटमध्ये हेच दोष भाजलेली बार्ली, लाकूड आणि अल्कोहोल यांच्या गर्दीत खपून जातात. परवा मी प्यायले ती पिल्सनर स्वच्छ होती. आधी माल्ट, मग गवती, किंचित मसालेदार कडवटपणा, आणि घोट उतरल्यावर तोंड कोरडं. पुढचा घोट आपोआप घेतला जातो. स्टाउटचा अर्धा ग्लास झाला की माझं तरी भागतं.

कादंबऱ्यांचंही तेच. सिमेनॉनच्या रहस्यकादंबऱ्यांतला पॅरिसचा पोलीस अधिकारी मेग्रे घ्या. त्याच्या ७५ कादंबऱ्या, बहुतेक दीड-दोनशे पानांच्या. चौकशी अर्ध्यावर आली की साहेब खालून सँडविच आणि बीअर मागवतात, बाहेर पाऊस पडत असतो, कोणीतरी एक वाक्य नको ते बोलून जातं आणि प्रकरण मिटतं. पण त्या वाक्याच्या आधीचं एक पान काढून दाखवा. तुमच्या ९०० पानांतली किती काढता येतील? वाचलीय मी ती. दरबारातली मेजवानी एकटी ४० पानं चालते.

आणि खुनी तिसऱ्या प्रकरणात 'कळला' म्हणजे काय? दिसला म्हणा. गुन्हेगार सुरुवातीच्या भागातच वाचकासमोर आला पाहिजे, हा रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथांसाठी घातलेल्या दहा नियमांतला पहिलाच नियम. समोर असूनही सापडू नये, यातच कसब आहे.

काळाकुट्ट:
अहो, यादी माझी, जीभ माझी, तारे माझे. कोणावर सक्ती केली होती?

आता मुद्द्याचं. दोष लपत नाहीत म्हणून बीअर थोर, हे कुठलं तर्कशास्त्र? परीक्षेत कॉपी केली नाही म्हणून पहिला नंबर देतात का? तुमची ती स्वच्छ पिल्सनर मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. स्टाउट अजून आठवतेय: कोको, मनुका, जळक्या साखरेचा कडवटपणा आणि मागाहून व्हिस्कीच्या पिंपाची ऊब. आणि हे फॅड काल-परवाचं नाही. अठराव्या शतकात लंडनहून सम्राज्ञी कॅथरीनच्या रशियन दरबाराला अशीच कडक स्टाउट जायची.

मेजवानी १०० पानांची असती तरी मला चालली असती. कोण कोणाशेजारी बसायला नकार देतो ते तिथेच कळतं, आणि पुढचं सगळं युद्ध त्या खुर्च्यांवरून होतं. तुम्ही ती पानं चाळली असणार, म्हणून कंटाळा आला.

हॉपवेडा:
दोघांच्या भांडणात आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडू बीअर) नेहमीसारखी बाहेर उभी.

पण माझं दुखणं वेगळं आहे. आयपीएच्या लेबलावरची ती जहाजाची गोष्ट कोणीतरी कृपा करून बंद करा. 'भारतापर्यंतच्या प्रवासात बीअर नासू नये म्हणून लंडनच्या हॉजसन या ब्रूअरने कडक आणि कडू बीअर शोधून काढली.' असं काही झाल्याचा पुरावा नाही. हॉजसनच्या बीअरला भारतात नाव होतं हे खरं, पण त्याच जहाजांतून पोर्टर ही काळी बीअरही जात होती आणि चांगली टिकत होती. ती पेल एल त्या काळच्या मानाने फार कडकही नव्हती. हॉप्समधली आम्लं आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंना दाबून ठेवतात, एवढं खरं. बाकी सगळी कादंबरी, आणि तीही वाईट लिहिलेली.

दुसरं, आयबीयूचा, म्हणजे कडवटपणाच्या मापाचा आकडा मिरवणारे. आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमागे किती मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्लं (हॉप्स उकळून येणारी कडू आम्लं). ६० ची गोडसर स्टाउट ४० च्या कोरड्या पिल्सनरपेक्षा कमी कडू लागू शकते. त्यामुळे 'अंगावर येणं' म्हणजे नक्की काय, हे आधी दोघांनी ठरवा.

मितभाषी:
हॉपवेडा, +१. मूळ विषय काय होता?

कुंपणावरून:
मी एकटाच आहे का, ज्याला या ९०० पानांबद्दल वेगळाच राग आहे? हा पहिला भाग आहे, हे मुखपृष्ठावर कुठेही लिहिलेलं नाही! वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा बाहेर बसून मी ही संपवली. रात्रभर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पहाटे शेवटच्या पानावर आलो. धाकटा भाऊ किल्ल्याच्या तटावरून खाली पडतो, आणि खाली बारीक अक्षरात: 'प्रथम खंड समाप्त'. वडील ठणठणीत आहेत. पण प्रकाशकाला मी माफ केलेलं नाही.

आत एक पूर्ण गोष्ट असेल, असं समजून माणूस पुस्तक विकत घेतो. नीरो वुल्फ पाहा. १९३४ पासून तोच जाडजूड डिटेक्टिव्ह, तीच खुर्ची, बीअरच्या बाटल्यांची बुचं खणात टाकून मोजायची तीच सवय. पण कोणतंही पुस्तक उचला, खून त्याच पुस्तकात उलगडतो.

अर्धीबाटली:
लेखक म्हणजे कुरिअरवाला नाही, वेळेत माल दे म्हणायला. मालिका अर्धवट असेल तर वाचू नका. कोणी बोलावलं होतं?

कुंपणावरून:
अर्धवट आहे हे कळायला छापायला नको का? माझा मुद्दा तेवढाच होता. प्रतिसाद पूर्ण वाचायची पद्धत असते.

अर्धीबाटली:
तुमचा 'तेवढाच' मुद्दा मी बऱ्याच धाग्यांवर वाचलाय. दर वेळी शेवटी लेखकालाच शिव्या. जॉर्ज मार्टिनची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही फँटसी मालिका १९९६ ला सुरू झाली, पाचवा भाग २०११ ला आला, आणि सहाव्यासाठी लोक त्या माणसाला जेवूही देत नाहीत. पाच जाडजूड पुस्तकं दिली त्याने. ती वाचताना मजा आली ना? मग ती मजा आता परत घेणार का?

काळाकुट्ट:
आणि थांबायची तयारी असेल तर शेवट मिळतोही. रॉबर्ट जॉर्डनचं 'व्हील ऑफ टाइम' १९९० ला सुरू झालं, २००७ मध्ये जॉर्डन गेला, आणि सँडरसन या दुसऱ्या लेखकाने त्याच्या टिपणांवरून २०१३ मध्ये ते पूर्ण केलं. १४ खंड. मी सगळे वाचलेत.

कुंपणावरून:
म्हणजे शेवट हवा असेल तर लेखकाच्या मरणाची वाट बघायची. छान.

पानचट_नाही:
खंडांचा कारभार बऱ्याचदा प्रकाशकाचा असतो, हेही लक्षात घ्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' टॉल्किनने एकच कादंबरी म्हणून लिहिलं. १९५४-५५ मध्ये ते तीन भागांत आलं, कारण सगळं एकत्र छापणं महाग पडत होतं. पण काळाकुट्ट, तुमच्या फँटसीला ही सबब लागू नाही. पहिल्या खंडातच तीन खंडांचा फुगवटा आहे.

तळघर:
वाट बघण्यावरून आठवलं. मुलगी झाली तेव्हा एक पिंपात मुरवलेली इम्पीरियल स्टाउट बाजूला ठेवली होती. 'ही वर्षानुवर्षं सुधारते' असं सगळेच सांगत होते. ती शाळेत जायला लागली त्या दिवशी उघडली. ओला पुठ्ठा. त्यामागे थोडं सोया सॉस. बायको म्हणाली, ताजी असतानाच प्यायला हवी होतीस. माझा अनुभव एवढाच: मुरवणं वगैरे थोतांड आहे.

रसायन:
एका बाटलीवरून थोतांड कसं ठरलं? पुठ्ठ्याचा वास मुख्यतः ट्रान्स-२-नोनेनल या संयुगाचा, म्हणजे बीअर शिळी पडल्याचा. बाटली उबेत राहिली असेल किंवा भरताना आत ऑक्सिजन जास्त गेला असेल. कडक स्टाउट थंड, अंधाऱ्या जागी उभी ठेवली तर बरीच वर्षं टिकते, आणि शिळेपणातल्या काही चवी तिला शोभतातही: शेरी वाइन, मनुका. पिल्सनरला मात्र शिळेपणा अजिबात शोभत नाही. ती ताजीच प्यावी.

तळघर:
उभीच होती. अंधारातच होती. सर, तुमचं रसायनशास्त्र बरोबर असेल, पण घशाखाली पुठ्ठा माझ्या गेला.

हॉपवेडा:
आयपीए तर याहून लवकर बिघडते. हॉप्सचा वास आधी उडतो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. दुकानातल्या उजेडात ठेवलेली हिरवी बाटली घेऊ नका, हे मी किती वेळा लिहू? उजेडाने हॉप्समधली आम्लं फुटून स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास येतो. तपकिरी काच त्यातल्या त्यात वाचवते.

पानचट_नाही:
थांबा, काळाकुट्ट. ती 'पाणी' पिल्सनर तुम्ही किती थंड प्यायलात?

काळाकुट्ट:
फ्रीझरमधून काढून. ग्लासावर बर्फ धरला होता. बीअर थंडच प्यायची असते ना?

पानचट_नाही:
झालं! इतकी गार असेल तर जीभच बधिर होते, वासही वर येत नाही. पाच-सात अंशाला प्या. स्टाउट तर त्याहून कोमट चालते, आणि ती तुम्ही नक्की फ्रीजबाहेर काढून, अर्धा तास थांबून, डोळे मिटून प्यायला असणार.

काळाकुट्ट:
अर्धा तास नाही, वीस मिनिटं. बरं, पिल्सनरला अर्धा तारा वाढवला. अडीच. मिरवणूक काढा. रहस्यकादंबरी दोनवरच राहील, कारण ती मी फ्रीझरमध्ये ठेवली नव्हती.

मितभाषी:
अडीच! हलकेच घ्या, पण मेग्रेला हे कळलं तर तो पाइप विझवेल.

अर्धीबाटली:
एकाच्या चवीला दुसऱ्याने तारे सुधारून घ्यायला लावणं हा काय प्रकार आहे? उद्या मला आवडलेली व्हॅम्पायर-रोमान्स कोणी थर्मामीटर लावून तपासणार का?

पानचट_नाही:
व्हॅम्पायर-रोमान्सला थर्मामीटर लागत नाही, तिथे सगळेच थंड असतात.

अर्धीबाटली:
हा असला हिणकस विनोद करायचा आणि वर संयमावर प्रवचन द्यायचं. वाचलीय एक तरी? एका मालिकेने माझा घटस्फोटानंतरचा पूर्ण हिवाळा तारून नेला. तिथे मेग्रे कामाला आला नसता.

पानचट_नाही:
वाचलेली नाही. एक नाव सुचवा. २०० पानांच्या आतलं.

अर्धीबाटली:
अशी नाहीच. सगळ्या जाड आहेत. आणि सगळ्यांना पुढचे भाग आहेत.

कुंपणावरून:
मी दुसरा खंड घेणार नाही, हे ठरलेलं आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण कोणीतरी एवढंच सांगा: तो तटावरून पडलेला धाकटा भाऊ परत येतो का?

काळाकुट्ट:
येतो. दोनदा.

तळघर:
अरे, मी आत्ता दुसऱ्या खंडाच्या मध्यावर आहे!! संपादक, वरचा प्रतिसाद उडवा.